चाळीस हजार फोटो, जुना कॉम्प्युटर आणि तीन सल्लागार

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या इंदिरानगरमधले एक गृहस्थ, नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. घरच्या कॉम्प्युटरवर २००६ पासूनचे साधारण ४०,००० फोटो: डिजिटल कॅमेऱ्याचे, तीन-चार मोबाइलचे, लेकीच्या लग्नाचे, २०१५ च्या कुंभाचे, शिवाय जुन्या अल्बममधून स्कॅन केलेले. इतकी वर्षं पिकासा हे गूगलचं फुकट फोटो-सॉफ्टवेअर वापरलं, आता ते अडखळतंय. पुण्याचा जावई म्हणतो लाइटरूम घ्या. ओळखीचा दुकानदार म्हणतो फोटोशॉप टाकून देतो. भाचा म्हणतो सगळं गूगलवर चढवा आणि मोकळे व्हा. मशीन विंडोज १० चं, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. त्यांचं म्हणणं: "शिकायला वेळ आहे, पण दर महिन्याला पैसे भरायचे नाहीत. नेमकं काय घेऊ?"

आधी उत्तर देतो, मग कारणं. फोटो लावण्यासाठी, म्हणजे नीट रचून हवा तेव्हा सापडेल असं ठेवण्यासाठी, डिजिकॅम, किरकोळ दुरुस्तीसाठी फास्टस्टोन इमेज व्ह्यूअर, आणि एखादा फाटका-डागाळलेला जुना फोटो नीट करायचा असेल तर गिम्प. तिन्हींना घरगुती वापरासाठी एक रुपयाही लागत नाही. आणि पिकासा अजून काढू नका! त्यात तुमचं काय काय अडकलंय ते पुढे सांगतो.

मी गावात स्टुडिओ आणि लॅब चालवली, सव्वीस वर्षं. रोल धुण्यापासून सुरुवात केली आणि पेनड्राइव्हवर संपवली. त्यामुळे तुमच्या तिन्ही सल्लागारांचं कुठे चुकतंय ते मला दिसतं. फोटो सुधारणं हे एक काम आणि फोटो लावणं हे दुसरं. फोटोशॉप पहिल्या कामाचं यंत्र आहे. ४०,००० मधून आत्याच्या साठीचा फोटो शोधून द्यायला त्याचा काही उपयोग नाही. लाइटरूम दोन्ही कामं करतं, पण ते बनलंय कॅमेऱ्यातून रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेला कच्चा फोटो, काढणाऱ्यासाठी. आणि गूगल फोटोज शोधून छान देतं, पण तुमचं कपाट दुसऱ्याच्या घरात ठेवल्यासारखं ते आहे. तुमची गरज पंचाण्णव टक्के लावण्याची आहे. म्हणून निवड त्या बाजूने करायची.

आता लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मी एकच गोष्ट बघतो. ती का, हे माझ्यावर बेतलेल्या गोष्टीवरून सांगतो. २००९ च्या सुमारास मी घरचे सगळे जुने फोटो स्कॅन केले आणि एका सॉफ्टवेअरमध्ये घातले. नाव घेत नाही, चूक माझीच होती. आईला रोज दुपारी शेजारी बसवायचो. ती स्क्रीनवर बोट ठेवायची: ही निफाडची काकू, हा तिचा धाकटा दीर, हा मागे उभा आहे तो आपला कोणी नाही, वाड्यात भाड्याने राहायचा. मी टाइप करत जायचो. चार-पाच महिने चाललं. पुढे डिस्क गेली. फोटोंची प्रत होती, फोटो सगळे परत आले. नावं आली नाहीत. ती सगळी त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये होती आणि तो डेटाबेस सी ड्राइव्हच्या कुठल्या तरी आतल्या फोल्डरमध्ये बसलेला. त्याची प्रत घ्यायची असते हे मला ठाऊकच नव्हतं. तोवर आईला विचारायची सोय राहिली नव्हती.

पूर्वी दोन प्रकारची माणसं असायची. काही जण अल्बमच्या पहिल्या पानावर यादी करायचे: पान ३, फोटो २, शांता मावशी. काही जण फोटोच्या पाठीवर पेन्सिलने लिहायचे. अल्बम विस्कटला की पहिल्याची यादी बाद, दुसऱ्याचा फोटो कुठेही पडला तरी नाव सोबत. सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. काही सॉफ्टवेअर माहिती स्वतःच्या वहीत लिहितात, काही फोटोच्या फाइलच्या आतच. फाइलमध्ये त्यासाठी जागा असते. कॅमेरा तारीख, वेळ, लेन्स वगैरे लिहितो ते एक्झिफ. आपण नाव, गाव, ओळ लिहितो ते आयपीटीसी आणि एक्सएमपी. हे कुणा एका कंपनीचं गुपित नाही, जगभर चालणारी पद्धत आहे. जे सॉफ्टवेअर तिथे लिहितं ते उद्या बंद पडलं तरी आपल्याला फरक पडत नाही.

याची परीक्षा घरबसल्या घेता येते. कुठलंही सॉफ्टवेअर असो, पन्नास फोटोंची एक वेगळी प्रत करा. दहा फोटोंना टॅग (शोधायला उपयोगी पडणारा शब्द) द्या, दोनांना ओळ (कॅप्शन) लिहा. सॉफ्टवेअर बंद करा. आता साध्या विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन त्या फोटोवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. तिथे टॅग्जच्या रकान्यात तुमचा शब्द दिसला तर सॉफ्टवेअर पास. रिकामं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन "फाइलमध्ये लिहा" असा पर्याय शोधा. तोही नसेल तर नमस्कार करा आणि पुढे चला. ही परीक्षा नेहमीच्या जेपीईजी फोटोवर घ्या, रॉ फाइलवर नको. बरीच सॉफ्टवेअर रॉ फाइलला हात न लावता शेजारी वेगळी छोटी फाइल करतात, आणि तेच बरोबर आहे.

डिजिकॅम या परीक्षेत पास होतं. पहिल्यांदा उघडताना ते चार-पाच प्रश्न विचारतं: फोटो कुठे आहेत, डेटाबेस कुठे ठेवायचा, आणि माहिती फाइलमध्ये लिहायची का. शेवटच्याला हो म्हणा. घाईत पुढे-पुढे दाबत गेला असाल तर सेटिंग्जमधल्या मेटाडेटाच्या (फाइलमधल्या माहितीच्या) पानावर टॅग, कॅप्शन, तारीख, चेहरे अशा चौकटी आहेत, त्यांवर टिक करा. डेटाबेस सी ड्राइव्हवर ठेवा, फोटो दुसऱ्या डिस्कवर असले तरी चालतात. चेहरे ओळखायला ते सुरुवातीला काहीशे एमबीच्या फायली उतरवून घेतं. त्यानंतर सगळं ओळखणं तुमच्याच मशीनवर होतं, फोटो बाहेर जात नाहीत.

गुणगान पुरे, दोषही ऐका. उघडायला वेळ लावतं. मेनूंची गर्दी म्हणजे धनत्रयोदशीचा सराफ बाजार. निम्म्या गोष्टींना तुम्ही कधी हात लावणार नाही. ४०,००० फोटोंची पहिली नोंद व्हायला तुमच्या मशीनवर कित्येक तास जातील आणि चेहरे शोधायला आणखी. रात्री लावून झोपा आणि यूपीएस असेल तर त्यावर लावा. चेहऱ्यांबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. प्रत्येक माणसाचे वेगवेगळ्या वयाचे दहा-पंधरा चेहरे तुम्ही हाताने ओळखून दिले की मग ते बरं चालतं. लग्नात सगळ्यांनी फेटे बांधलेले असले की ते गोंधळतं, लहान मुलं दर दोन वर्षांनी त्याला नवी माणसं वाटतात, आणि सख्ख्या बहिणींत तर माझ्याकडे अजूनही गफलत होते. पण सुचवलेलं नाव बरोबर की चूक एवढंच टिचकी मारून सांगायचं असतं. चहा पिता पिता होणारं काम आहे.

आता पिकासा. गूगलने त्याचा आधार मार्च २०१६ मध्ये बंद केला. ज्यांच्या मशीनवर ते आधीपासून होतं त्यांचं मात्र चालत राहिलं. तुमची इतक्या वर्षांची मेहनत त्यात वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली आहे. कॅप्शन आणि टॅग पिकासा जेपीईजीच्या आतच लिहायचं, ते सुखरूप आहेत. चेहऱ्यांची नावं, तारे आणि अल्बम मात्र प्रत्येक फोल्डरमधल्या पिकासा डॉट आयएनआय नावाच्या फाइलमध्ये आणि त्याच्या डेटाबेसमध्ये आहेत. म्हणून पिकासा चालू आहे तोवर टूल्स, ऑप्शन्स, नेम टॅग्ज असं जाऊन नावं फोटोत साठवण्याचा पर्याय चालू करा. आधीपासून दिलेल्या नावांसाठी टूल्सच्याच मेनूत एक्सपेरिमेंटल या भागात चेहरे एक्सएमपीत लिहिण्याची आज्ञा आहे, ती चालवा. आधी अर्थातच सगळ्या फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. पिकासात तुम्ही फोटो कापला, उजळला, पण सेव्हचं बटण दाबलं नाही, तर तो बदल फक्त पिकासाला दिसतो. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तोच फोटो पुन्हा वाकडा आणि काळा! गिऱ्हाईक लॅबला फोटो घेऊन यायचं आणि आम्ही प्रिंट दिला की म्हणायचं, "हा नाही हो, मी शेजाऱ्याला कापून टाकला होता." तो शेजारी पिकासाच्या बाहेर जिवंत असायचा. तेव्हा ज्या फोल्डरमध्ये बदल केलेत तिथे सेव्ह दाबून घ्या. मूळ फोटो ते पिकासा ओरिजिनल्स नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतं, तो फोल्डर उडवू नका.

तारखा हा सगळ्यात किचकट भाग, आणि तुमच्याकडे तिन्ही तऱ्हेचे गोंधळ सापडतील.

एक, कॅमेऱ्याचं घड्याळ. माझं उदाहरण घ्या. २९ ऑगस्ट २०१५, राखी पौर्णिमा, पहिलं शाही स्नान. मी पहाटे गंगेवर (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात) पोचलो होतो. नंतर फोटो लावले तर आखाड्यांची मिरवणूक दुपारी चारच्या पुढे दिसतेय आणि दिवे मात्र पेटलेले. घड्याळात एएमचं पीएम झालं होतं. दुपारी बारानंतर काढलेले फोटो तर ३० तारखेत जाऊन बसले होते. डिजिकॅममध्ये सगळे फोटो निवडून तारीख-वेळ बदलण्याच्या साधनात "उणे १२ तास" केलं की एका फटक्यात सगळे जागेवर. घरच्या लग्नात दोन कॅमेरे असतील तर हे हमखास होतं: अंतरपाटाच्या आधीच सप्तपदी. दोन्ही कॅमेऱ्यांत एकच क्षण शोधा, अक्षता पडतानाचा सगळ्यात सोपा, त्यातला फरक काढा आणि एका कॅमेऱ्याचे सगळे फोटो तेवढे सरकवा.

दोन, व्हॉट्सॲप. तिथून आलेल्या फोटोत कॅमेऱ्याने लिहिलेली माहिती उरत नाही आणि फोटोही दाबून लहान केलेला असतो. अँड्रॉइडवर फाइलच्या नावात मात्र तारीख असते: आयएमजी-२०१९०८१२-डब्ल्यूए०००३ म्हणजे १२ ऑगस्ट २०१९. ती फोटो काढल्याची नव्हे, पाठवल्याची तारीख आहे हे लक्षात ठेवा. १९७८ चा मुंजीचा फोटो कुणी २०१९ मध्ये पाठवला तर तो २०१९ चा नव्हे. माझा सल्ला: व्हॉट्सॲपचे फोटो मुख्य साठ्यात मिसळूच नका. वेगळा फोल्डर करा, सुप्रभात आणि गणपती बाप्पाच्या चित्रांना निरोप द्या, आणि त्यातला जो खरंच हवा असेल तो पाठवणाऱ्याकडून डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवा. तसा पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी येते.

तीन, स्कॅन. १९८४ च्या लग्नाचा फोटो गेल्या वर्षी स्कॅन केला की सॉफ्टवेअर त्याला गेल्या वर्षीचा समजतं. तारीख हाताने भरावी लागते. दिवस माहीत नसेल तर मी १ जानेवारी टाकतो आणि "अंदाजे" असा टॅग देतो. स्कॅन करताना हातासरशी सांगून टाकतो: पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) पुरे, त्यापुढे कागदाचा पोतच दिसायला लागतो. पाठीवर काही लिहिलेलं किंवा स्टुडिओचा शिक्का असेल तर पाठही स्कॅन करा. चिकटपानी अल्बममधून फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅनरवर ठेवा.

फोल्डरची नावं वर्ष आधी अशी द्या: २०१५, त्यात २०१५-०८-२९ कुंभ गंगाघाट. देवनागरीत दिलीत तरी विंडोजला अडचण नाही. मात्र पेनड्राइव्ह जुन्या टीव्हीला लावून बघायची सवय असेल तर तिथे चौकोन दिसण्याची शक्यता आहे, मग इंग्रजी अक्षरं वापरा. फार खोल फोल्डर करू नका. वर्ष आणि प्रसंग बास. बाकीचं टॅगवर सोडा.

टॅगबद्दल मात्र एक मराठी घरातली खास अडचण सांगतो. नात्याने टॅग देऊ नका. तुम्ही "ताई" लिहाल, ती तुमची ताई. लेक उघडेल तेव्हा तिची ती आत्या. नातू उघडेल तेव्हा कोण ताई, कुठली ताई? आमच्याकडे एका फोटोत "काकू" या टॅगखाली चार बायका निघाल्या. पूर्ण नाव लिहा, माहेरचं माहीत असेल तर तेही, आणि ते एकाच पद्धतीने. "सुमन", "सुमनताई", "सौ. सुमन" हे कॉम्प्युटरला तीन वेगळ्या बायका वाटतात. नातं सांगायचंच असेल तर ते कॅप्शनमध्ये लिहा: "बाबांची थोरली बहीण".

एकच फोटो तीन-तीनदा असेल, त्याचं काय? डिजिकॅम सारखे दिसणारे फोटो शोधून देतं. पण "सगळे डुप्लिकेट उडवा" असलं बटण कुठेही दिसलं तरी दाबायचं नाही. दोन सारख्या फोटोंत एक मूळ ४ एमबीचा आणि दुसरा व्हॉट्सॲपवरून आलेला २०० केबीचा असतो. कुठला ठेवायचा हे आपणच बघायचं.

आता सुधारणा. घरच्या फोटोला काय लागतं? वाकडा सरळ करणं, कापणं, उजळणं, लाल डोळे, क्वचित डाग काढणं. फास्टस्टोनमध्ये फोटो पूर्ण स्क्रीनवर उघडा आणि माउस कडेला न्या, सगळी हत्यारं बाहेर येतात. जुन्या मशीनवरही ते पळतं. इरफानव्ह्यूची सवय असेल तर तेही उत्तम; १९९६ पासून चालू आहे आणि शंभर फोटो एकदम लहान करायला मी आजही तेच वापरतो. एक पथ्य पाळा: जेपीईजी प्रत्येक वेळी सेव्ह केली की थोडी झिजते. मूळ फोटोवर सेव्ह न करता नवीन नावाने करा. नुसतं फिरवायचं असेल तर "लॉसलेस" फिरवणं निवडा, त्यात झीज होत नाही.

आणि ऑटो कलरचं बटण जपून दाबा. ते बटण असं समजतं की फोटोतले सगळे रंग मिळून करडा रंग व्हायला हवा. हळदीच्या फोटोत अर्धी चौकट पिवळी असते. सॉफ्टवेअरला वाटतं दिव्याचा पिवळेपणा आलाय, आणि ते निळा ओततं. नवरी आजारी दिसायला लागते आणि हळद राखेसारखी. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीत (रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात) उड्या मारतात, त्या फोटोंचं तेच होतं. रहाडीतलं पाणी ज्या रंगाचं असेल तोच रंग ते नेमका धुऊन काढतं. अशा वेळी फोटोत कुठे पांढरं दिसतंय ते शोधा, कुणाचा सदरा, टोपी, भिंत. ज्या सॉफ्टवेअरमध्ये पांढऱ्याचा ड्रॉपर असतो त्यात त्यावर टिचकी मारा. तसं काही सापडलं नाही तर रंगाला हात न लावता फक्त उजेड वाढवा.

जुन्या फोटोवर मधोमध घडी पडलेली असते, त्यासाठी गिम्प. घडी गालावरून गेली असेल तर हील टूल, कारण ते आजूबाजूच्या उजेडात मिसळून घेतं. तीच घडी साडीच्या काठावरून गेली असेल तर हीलने काठ पुसट होतो. तिथे क्लोन टूल घ्या आणि काठाचाच पुढचा तुकडा उचलून नक्षी जुळवत बसवा. ब्रश लहान ठेवा आणि फोटो दुप्पट मोठा करून काम करा. एका फोटोला दुपार जाते. तेवढा वेळ नसेल आणि एखादाच फोटो असेल तर ब्राउझरमध्ये फोटोपीया उघडा, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. मोबाइलवरची एका बोटात जुना फोटो नवा करणारी ॲप्स मला पटत नाहीत. चेहरा पुसट असला की ती स्वतःच्या मनाने नवा चेहरा रंगवतात. गुळगुळीत होतो खरा, पण आजोबांना कुणा दुसऱ्याचेच डोळे येतात.

लॅबवाल्याचं एक जुनं दुखणंही ऐकून घ्या. "घरी छान दिसतो, प्रिंट काळा येतो" ही तक्रार मी हजार वेळा ऐकली. बहुतेक वेळा घरचा मॉनिटर पूर्ण उजेडावर ठेवलेला असतो. त्या उजेडात फोटो ठीक दिसतो म्हणून माणूस तो काळाच ठेवतो. मॉनिटरचा उजेड एवढा कमी करा की शेजारी धरलेला पांढरा कागद आणि स्क्रीनवरची पांढरी जागा सारखी वाटेल. आणि मोबाइलचा फोटो सहसा ४:३ असतो, ४ बाय ६ चा प्रिंट ३:२, म्हणून वरची डोकी जातात. प्रिंटला देण्याआधी त्या मापात स्वतः कापून द्या.

जावयाचा लाइटरूम कधी घ्यावा? समजा उद्या तुम्ही चांगला कॅमेरा घेतलात, थंडीत नांदूर मध्यमेश्वरला पक्षी टिपायला जायला लागलात आणि रॉ फाइलमध्ये काढायला लागलात, तर. पहाटेच्या धुक्यातल्या रोहित पक्ष्यांच्या फोटोत सावलीतला तपशील वर काढायचा तर रॉ आणि लाइटरूम ही जोडी फार सुंदर चालते, यात वाद नाही. पण एकदाच पैसे भरून मिळणारी त्याची शेवटची आवृत्ती २०१५ ची, आता वर्गणी. वर्गणी थांबवली तर लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो बघता येतात, बाहेर काढता येतात, पण सुधारणांचं दालन बंद होतं. तुम्हाला वर्गणी नकोच आहे, म्हणून त्या वेळी आधी डार्कटेबल शिकून बघा. फुकट आहे आणि ताकदीचं आहे, फक्त शिकवणी थोडी कडक.

भाच्याचं गूगल फोटोज: १ जून २०२१ पासून तिथली अमर्याद फुकट साठवण संपली. आता १५ जीबी, तीही जीमेल आणि ड्राइव्हसकट. तुमच्या ४०,००० फोटोंना सरासरी ४ एमबी धरले तरी १६० जीबी होतात. म्हणजे तिथेही वर्गणी आलीच. शिवाय तिथे बदललेली तारीख किंवा लिहिलेली ओळ, सगळं परत उतरवून घेताना फोटोत नव्हे तर शेजारच्या वेगळ्या जेएसओएन फाइलमध्ये येते. पाठीवर लिहिलेलं नव्हे, पुन्हा अल्बमच्या पहिल्या पानावरची यादी. मोबाइलमधले ताजे फोटो तिथे राहू द्या, लेकीला दाखवायला सोयीचं आहे. मुख्य साठा मात्र घरी.

दुकानदाराला नम्रपणे नाही म्हणा. "टाकून देतो" म्हणजे चोरीचं. त्यातला कायद्याचा भाग तुम्हाला माहीत आहे. फोटोंच्या बाजूने सांगतो. माझ्या एका नातेवाइकाच्या मशीनवर असंच एक महागडं सॉफ्टवेअर कुणी फुकट टाकून दिलं होतं. आठवड्याभरात सगळ्या फोटोंच्या नावापुढे विचित्र अक्षरं लागली, एकही उघडेना, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी. बाहेरची डिस्कही तेव्हा जोडलेलीच होती, तीही गेली.

मशीनवर थोडा खर्च करायचा असेल तर रॅमच्या आधी एक छोटी एसएसडी (साध्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) घाला आणि विंडोज, डिजिकॅम व त्याचा डेटाबेस त्यावर ठेवा. फोटो जुन्या डिस्कवर राहू द्या. फरक पहिल्याच दिवशी जाणवेल. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. मशीन विंडोज ११ घेत नसेल तर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) टाकून घ्या. डिजिकॅम, गिम्प, डार्कटेबल तिथेही तसेच चालतात, फास्टस्टोनऐवजी एक्सएनव्ह्यू एमपी घ्यावं लागेल. तुमचे टॅग फाइलमध्ये असतील तर या स्थलांतरात काहीच हरवत नाही.

राहिली प्रत. माझं दुकान सराफ बाजाराच्या उताराला होतं. नाशिककर पुराचं माप दुतोंड्या मारुतीवरून सांगतो, पाणी कुठवर चढलं ते. २ ऑगस्ट २०१६ ला ते आमच्या दुकानात शिरलं. मी शहाणा, दोन डिस्क ठेवायचो: एक कामाची, एक प्रतीची. दोन्ही एकाच कपाटात, खालच्या फळीवर. गिऱ्हाइकांचे फोटो बरेचसे दिलेले होते म्हणून निभावलं, माझे स्वतःचे चार वर्षांचे गेले. तुम्ही इंदिरानगरला आहात, तिथे गंगा येणार नाही, पण चोर, शॉर्टसर्किट आणि नातवाच्या हातून पडणं हे कुठेही येतं. दोन बाहेरच्या डिस्क घ्या. एक घरी, कॉम्प्युटरपासून दूर आणि काम झालं की सोडवून ठेवलेली. दुसरी पुण्याला लेकीकडे. ती दिवाळीला येताना घेऊन येईल, जाताना ताजी घेऊन जाईल.

प्रत घ्यायला फ्रीफाइलसिंक वापरा, पण त्यात "मिरर" आणि "अपडेट" यांतला फरक समजून घ्या. मिररमध्ये इकडे चुकून उडवलेला फोटो तिकडूनही जातो. अपडेटमध्ये तो तिकडे राहतो. तुम्ही सुरुवातीला अपडेटच ठेवा. डिस्क थोडी लवकर भरेल, भरू दे.

या रविवारी बाकी काही करू नका. डिस्क आणा, पिकासाच्या सगळ्या फोल्डरची प्रत घ्या, मग नावं फोटोत लिहिण्याची आज्ञा चालवा आणि कुठल्याही पाच फोटोंच्या प्रॉपर्टीजमध्ये डोकावून बघा. चेहऱ्यांची नावं तिथल्या टॅगमध्ये दिसतीलच असं नाही, ती डिजिकॅममध्ये फोटो उघडल्यावर चेहऱ्याभोवतीच्या चौकटीवर दिसतात. दिसली नाहीत, तर पिकासा तसंच राहू द्या आणि कोणत्या आवृत्तीचं आहे ते हेल्प मेनूतून बघून मला कळवा.